आलो

साहेबांनी विचारलं, "त्या घरी जाऊन आलात का?" आणि ती म्हणाली, "हो, सकाळीच जाऊन आलो." साहेब चहात बिस्किट बुडवत होते. बिस्किट मोडून पडू नये म्हणून त्यांची सगळी नजर कपात होती. मान वर न करताच ते म्हणाले, "आलो म्हणजे? बरोबर कोण होतं?"

कोणी नव्हतं. ती एकटीच गेली होती, नेहमी एकटीच जाते. तसं तिने सांगितलं, साहेब "बरं बरं, दोघंदोघं फिरायला लागलात तर इथे फोन कोण घेणार" असं काहीतरी पुटपुटले आणि बिस्किट शेवटी मोडलंच. ती आपल्या टेबलाशी येऊन बसली. तोंडात काहीतरी राहिलं होतं, दातात अडकलेल्या धाग्यासारखं, जिभेने चाचपत राहावं असं. आलो. जन्मभर ती आले, गेले, जेवले, झोपले म्हणत आली होती. त्यासाठी कधी विचार करावा लागला नव्हता, पायात चप्पल सरकवावी तितक्या सहज ती अक्षरं यायची. आलो म्हणतो तो पुरुष. नाहीतर आलो म्हणतात ते एकाहून जास्त लोक. ती यातलं काहीच नव्हती. साहेबांनी बिचाऱ्यांनी दोन्हींतला सभ्य अर्थ घेतला होता. पण बरोबर कोण होतं, या साध्या प्रश्नाने तिच्या मानेवरून वारं गेल्यासारखं झालं. पंखा तर बंद होता.

काम तिचं असं की घरफोडी झालेल्या घरात जायचं. लोकांनी घराचा विमा उतरवलेला असतो, चोरी होते, पोलीस येऊन जातात, मग ही जाते. बिजागरी बघते, कडी बघते, खिडकीची काच कोणत्या बाजूला सांडली आहे ते बघते. खणांवरून तिला चोर कळतो. सराईत माणूस सगळ्यात खालचा खण आधी ओढतो, म्हणजे वरचा उघडण्यासाठी खालचा लावत बसावं लागत नाही. नवखा वरून सुरुवात करतो आणि घाईत सगळे खण आपटतो. इतकी वर्षं झाली, घरं बदलली, माणसं बदलली, पण बायका म्हणतात ते वाक्य बदललं नाही. "गेलं त्याचं काही नाही हो, पण कोणीतरी इथे उभं होतं." इथे म्हणताना त्या नेमकी फरशी दाखवतात. तिला कधी ते वाक्य लागलं नव्हतं. आज सकाळच्या घरातली म्हातारी मात्र दार उघडल्यावर तिच्याकडे बघतच राहिली होती आणि म्हणाली होती, "तुम्ही मघाशी येऊन गेलात ना?" तिने हसून नाही म्हटलं होतं. म्हातारी माणसं. आता टेबलाशी बसल्यावर तिला ते पुन्हा आठवलं आणि हसू काही आलं नाही.

जीभ घसरली त्याचं कारण तिला ठाऊक होतं. कारण होतं रविवारचा खेळ. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण एकदा तिला जबरदस्तीने घेऊन गेली. दातांच्या एका डॉक्टरांचा दवाखाना रविवारी बंद असतो, तिथल्या बाहेरच्या खोलीत चौघंजण दुपारभर टेबलाभोवती बसतात. डॉक्टर गोष्ट सांगतात, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, आणि नशिबाचा निवाडा वीस बाजूंचा फासा करतो. डोंगर म्हणून प्लास्टरचे जबडे मांडलेले असतात. लवंगेच्या तेलाच्या वासात राजवाडे उभे राहतात आणि पडतात. मैत्रीण जादूगार. गणिताचे एक सर, अंगाने काडी, ते योद्धा. ही सगळ्यात उशिरा आली म्हणून उरलेला पेशा तिच्या वाट्याला आला, चोर. कागदावर डॉक्टरांनी आधीच लिहून ठेवलं होतं, चोर, पुरुष, वय तीस, कुलपं उघडण्यात तरबेज. "मस्त पेशा आहे," सर म्हणाले होते. "सगळ्यात धमाल त्यालाच. मागून सुरा मारायचा, खिसे कापायचे, आमचा वाटा ढापायचा." तिने कागद वाचला, खाली ठेवला आणि म्हणाली, "माझा चोर चोरी करत नाही."

हसले सगळे. त्यांना वाटलं, नवी आहे, कळेल हळूहळू. पण तिने खरंच त्याला चोरी करू दिली नाही. कुलूप आलं की चोर ते उघडत नसे, दार वाजवून बाहेर थांबे. आत शिरण्याआधी पायपुसण्यावर कितीतरी वेळ पाय पुसत राही. डॉक्टरांनी तिला मोह घालून पाहिला. राजाचा खजिना सताड उघडा, पहारेकरी घोरतोय, सांगा आता. तिच्या चोराने खजिन्याचं दार लोटून घेतलं आणि पहारेकऱ्याला हलवून जागं केलं. सरांनी कपाळावर हात मारला. "चोर असून चोरी करत नाही म्हणजे काय? फुकट पगार खातोय हा!" मैत्रिणीने तिची बाजू घेतली, तीही अर्धीमुर्धी. गंमत पुढेच होती. चोराने कधी कुणाच्या काडीला हात लावला नाही, तरी डॉक्टरांच्या गोष्टीतलं एकही दार त्याला उघडत नसे. आतून विचारणा व्हायची, कोण, आणि मग कडी सरकल्याचा आवाज. खानावळवाली त्याला बघून चमचे उचलून ठेवायची. शेवटी एकदा ती चिडली. "पण त्यांना कळतं कसं हा चोर आहे ते? त्याने केलंय काय?" डॉक्टरांनी अगदी शांतपणे कागदावर बोट ठेवलं. "पेशा लिहिलाय ना इथे."

त्या वेळी ती घाईने उठून पाणी प्यायला गेली होती. तोंड धुण्याच्या नळाशी उभी राहून तिने बराच वेळ पाणी सोडून ठेवलं. तिच्या घरातही असाच एक पेशा लिहिलेला होता, फक्त तो कागदावर नव्हता. धाकट्या भावाला लहानपणापासून कुलपांचा नाद. आईच्या केसातली पिन घेऊन तो कपाटाशी बसायचा, कान लावून, डोळे मिटून, जीभ थोडी बाहेर. किल्ली हरवली की सगळी बिल्डिंग त्याला हाक मारायची आणि बाबा चारचौघांत कौतुकाने सांगायचे, "पोराच्या हातात जादू आहे." मग एका उन्हाळ्यात कुलूपबंद कपाटातून बाबांचं घड्याळ गेलं. कुलूप शाबूत होतं. शाबूत कुलूप उघडून परत लावता येणारा घरात एकच होता. त्याने घेतलं नाही असं तो सांगत राहिला, आधी रडून, मग ओरडून, मग अगदी हळू, आणि मग सांगायचं थांबला. घड्याळ शेवटपर्यंत सापडलं नाही. त्या दिवसापासून बाबांच्या तोंडून त्याचं नाव गेलं ते गेलंच, तो फक्त 'तो' झाला. तो आला का. त्याला सांग. त्याच्यासमोर कपाट उघडं टाकू नका. जेवताना पोळीचा तुकडा मोडता मोडता बाबा 'तो' म्हणायचे आणि समोर बसलेलं पोर ताटात बघत राहायचं. मिसरूड फुटल्यावर ते पोर घरातून निघून गेलं. बाबांनी दाराला आतून साखळी बसवली. आता तो दुसऱ्या शहरात लिफ्ट दुरुस्त करतो. मजल्यांच्या मधे अडकलेल्या माणसांना दारं उघडून बाहेर काढतो, आणि ती माणसं, ताई, रडतात गं कधीकधी, असं त्याने एकदा फोनवर सांगितलं होतं.

खेळात सुरुवातीला तीही चोराला 'तो' म्हणत असे. तो दार वाजवतो, तो थांबतो. डॉक्टरांना ते चालेना. "तो नाही. मी म्हणा. नाहीतर खेळताय कशाला? आणि आपला नियम लक्षात ठेवा, बोललं की झालं. मागे घ्यायचं नाही." मग ती अडखळत म्हणाली, मी दार वाजवतो. पहिल्यांदा ते म्हणताना कान गरम झाले होते. दुसऱ्याचे बूट घालून अंधारात चालावं तसं, मोठे, ढगळ, आतून उबदार. मी थांबतो. मी पाय पुसतो. मी आलो. हळूहळू ते बूट मापाचे झाले. रविवार संपला की काढून ठेवायचे एवढंच, आणि आज सोमवारी साहेबांच्या समोर कळलं की ते काढायचे राहिले.

त्याच आठवड्यात भावाचा फोन आला. "ताई, रविवारी तुमच्याकडे कामाला येतोय. संध्याकाळी पाचच्या सुमाराला वर येऊ का? बाबांना बघून जातो. बसणार पण नाही. तुला जड जाणार असेल तर तसं सांग." ती म्हणाली, ये. आणि लगेच, कुणीतरी ऐकत असावं तशी, म्हणाली, "बघते मी." तो म्हणाला, "दार तू उघडशील ना? बाबांनी उघडलं तर मला बोलता येणार नाही." ती म्हणाली, हो रे. बाबा आता थकले होते, चालताना भिंत धरायचे, त्यांना बघायला येणाऱ्या डॉक्टरांनी फार आशा ठेवू नका असं जिन्यात थांबवून सांगितलं होतं. एवढी एकच भेट होण्यासारखी होती आणि ती तिच्या हाताने उघडायच्या एका कडीवर अडली होती. इतक्या लोकांची फुटलेली दारं बघणाऱ्या बाईला आपलं धडधाकट दार उघडायचं होतं, बस. रात्री जेवताना तिने विषय काढला. "बाबा, तो येतो म्हणतोय." बाबांनी घास चावून संपवला. "साखळी लाव," ते म्हणाले. मग, "मीठ दे जरा."

शुक्रवारी ती ऑफिसातून आली तेव्हा बाबा खुशीत होते. "मघाचा चहा झकास झाला होता," ते म्हणाले. "मघाचा?" "दुपारचा गं. आलीस, कडीला तेल घातलंस, चहा केलास, माझ्याशी चार गोष्टी बोललीस, गेलीस. रोज येत जा अशी." दुपारी ती शहराच्या दुसऱ्या टोकाला एका फोडलेल्या खिडकीची मापं घेत होती. बाबांचं डोकं आता असंच व्हायचं, असं तिने स्वतःला सांगितलं आणि स्वयंपाकघरात गेली. ओट्यावर दोन कप धुऊन पालथे ठेवले होते. ती कप कधी पालथे ठेवत नाही, आतून वास येतो म्हणून. मग ती दाराशी गेली. वर्षानुवर्षं कुरकुरणारी कडी तिने सरकवली. कडी गेली आणि आली, आवाज म्हणून नाही. बोटाला शिलाईयंत्राच्या तेलाचा वास येत होता. ती तिथेच उभी राहिली, नेमक्या एका फरशीवर, आणि त्या सगळ्या बायकांचं वाक्य तिला पहिल्यांदा ऐकू आलं. समोरच्या काकू कचऱ्याची बादली बाहेर ठेवायला आल्या होत्या. "अगं, दुपारी केवढे पाय पुसत होतीस!" त्या म्हणाल्या. "पायपुसणं झिजून जाईल. तुझा भाऊ असाच पुसायचा, आठवतं?" तिला आठवत होतं. तेच तर तिने चोराला दिलं होतं, कुणाला न सांगता, कागदावर न लिहिता. ती घाबरली. आणि घाबरलेपणाच्या खाली कुठेतरी, लाज वाटावी असा, हेवाही वाटला. बाबा तिच्याशी चार गोष्टी कधी बोलले होते?

रविवारी जेवणं झाली. ती घरी थांबणार होती. खेळाला येणार नाही असं मैत्रिणीला सांगूनही ठेवलं होतं. पण दुपारी घर गप्प झालं, बाबा खुर्चीत वर्तमानपत्र धरून बसले, खुर्चीचं तोंड दाराकडे, आणि तिला पाच वाजता वाजणारी बेल आत्ताच पोटात ऐकू यायला लागली. बेल वाजेल, बाबा म्हणतील साखळी लाव, बाहेर तो पाय पुसत असेल, आणि मधे ती. आपण घरात नसलोच तर दार न उघडण्याचा दोष आपल्यावर येणार नाही, असं काही तिने शब्दांत म्हटलं नाही. तिने फक्त पिशवी उचलली. पाचच्या आत येऊ की परत. "येतो हं बाबा," ती म्हणाली आणि जागच्या जागी थिजली. वर्तमानपत्राआडून बाबा म्हणाले, "लवकर ये गं." जिना उतरताना लक्षात आलं की किल्ली खिळ्यालाच राहिली. ती मागे फिरली नाही.

दवाखान्यात तिला बघून सर म्हणाले, "आला, आमचा सज्जन चोर आला!" डॉक्टरांनी जबडे मांडले. त्या दिवशी गोष्टीत फारसं काही झालं नाही. योद्धा आणि जादूगार एका विहिरीत उतरले आणि चोर गावात एकटा राहिला. भिंतीवरच्या घड्याळाकडे ती बघत होती. तिथून निघायची वेळ झाली, तिला दिसली, आणि गेली. ती उठली नाही. पाय उचलत नव्हते असं नाही, तिने ते उचललेच नाहीत. "चोरा," डॉक्टर म्हणाले, "तू एका जिन्याने वर येतोस. समोर दार आहे. तपकिरी. खालच्या बाजूला रंग उडालेला, कुणीतरी लहानपणी लाथ मारलेली असावी तसा. कडी तेल घातलेली. आत साखळी." तिने डॉक्टरांकडे पाहिलं. हे दातांचे डॉक्टर तिच्या घरी कधी आले नव्हते. मैत्रीणसुद्धा आली नव्हती. "डॉक्टर, हे दार तुम्ही कुठे पाहिलंत?" "मी कुठे पाहणार," डॉक्टर म्हणाले, "सुचलं तसं सांगतोय. काय करतोस?" नळातून थेंब पडत होता. "मी पाय पुसतो," ती म्हणाली. आवाज तिचाच होता, जरा जाड. "मी दार वाजवतो." "फासा टाक." तिने टाकला. फासा जबड्याला आपटून थांबला. वीस. या टेबलावर तिला कधी वीस पडले नव्हते. डॉक्टर हसले, मोकळे, पहिल्यांदाच. "घ्या! दार उघडलं. चोराला घरात घेतलं. जिंकलास बाबा." सरांनी टाळ्या वाजवल्या. तिला आनंद व्हायला हवा होता. तिला वाटलं की आपल्या शेजारच्या खुर्चीतून कुणीतरी उठून गेलं. खुर्ची तर आधीपासून रिकामीच होती. घड्याळात पाच वाजून गेले होते.

ती धावत निघाली. रस्त्यात तिने मनाशी वाक्यं जुळवली. माफ कर रे, अडकले होते. अडकलो होते. अडकलो. जिना चढताना वरून हसण्याचा आवाज आला आणि ती मधल्या वळणावर थांबली. बाबा हसत होते. खोकला मधे येऊ न देता, तोंड भरून, आई असताना हसायचे तसे. दुसरा हसणारा आवाज तिने कितीतरी वर्षांत फोनशिवाय ऐकला नव्हता. म्हणजे तो आत होता. घेतलं त्याला. बाबांनी स्वतः उठून, भिंत धरत! तिचे डोळे भरून आले. देवा, झालं. माझ्याशिवाय का होईना, झालं. ती वर पोचली. दाराबाहेर त्याचे बूट होते, ग्रीसचे डाग पडलेले, टाचा जुळवून ठेवलेले. त्यांच्या शेजारी बायकी चपलांचा एक जोड होता. डाव्या चपलेचा अंगठा मोच्याने काळ्या दोऱ्याने शिवलेला. तिने आपल्या पायाकडे पाहिलं. डाव्या चपलेच्या अंगठ्यावर तोच काळा दोरा होता.

तिने बेल वाजवली. आतलं हसणं थांबलं आणि एक बाईचा आवाज म्हणाला, "आले, आले!" किती सहज म्हणाला. त्या आवाजाला विचार करावा लागला नव्हता. चपला न घातलेली पावलं जवळ आली, दाराच्या छोट्या भिंगातला उजेड गेला आणि कुणीतरी तिच्याकडे बघत राहिलं. बिजागरीची पाहणी करावी तसं, शांतपणे, वरून खाली.

"कोण आहे गं?" आतून बाबांनी विचारलं.

"उघड ना ताई," भाऊ म्हणाला. "कधीचं थांबलं असेल कोणी."

"कोण?" दाराला अगदी लागून त्या आवाजाने विचारलं.

तिला सगळं सांगायचं होतं. की हे माझं घर आहे, की किल्ली तिथे खिळ्याला आहे, की मी उघडणार होते रे, खरंच उघडणार होते. तोंडात फक्त एक शब्द तयार होता. इतके रविवार घासून गुळगुळीत झालेला, तोच आला.

"मी," ती म्हणाली. "मी आलो."

आत कपबशी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग तिचाच आवाज, थोडा हळू, आत वळून म्हणाला, "बाबा, तो आलाय."

साखळी लागली. कडीचा आवाज मात्र झाला नाही, तिला तेल घातलेलं होतं. आत पुन्हा कपबशा वाजायला लागल्या. बाहेर, पायपुसण्यावर, तो पाय पुसत थांबला.